जुना संगणक आणि नवी चैन

घरचा संगणक जरा मंदावला कीं तो भंगारांत घालून नवा आणावयाचा, ही सुशिक्षित घरांतील चाल आम्हांस निव्वळ उधळेपणाची वाटते. जुन्नर-आंबेगांवच्या वाचकांस दाखल्यासाठीं दूर जावयास नको. खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीसही तबकड्या कायम ठेवून शास्त्रज्ञांनीं २०१० नंतरच्या दशकांत तिचीं ग्राहकयंत्रें बदललीं, आणि संकेतांच्या आकडेमोडीस, मूळ खेळांसाठीं वाढलेलीं, ग्राफिक्स कार्डें जुंपलीं. एका वेळीं टिपला जाणारा पट्टा ३२ वरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला.

यावर कोणी म्हणेल, जुन्या यंत्रावर खर्च म्हणजे फुटक्या घागरींत पाणी. पण फुटलें काय, हें पाहिलें कोणीं? हार्ड डिस्कऐवजीं एसएसडी घाला, रॅम वाढवा. ग्राफिक्स कार्ड घेण्यापूर्वीं पॉवर सप्लाय तें पेलेल काय, हें तपासा. विंडोज १० चें नेहमींचें पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें, ही सबबही लंगडी. लिनक्स फुकट मिळतें. मदरबोर्डच गेला असल्यास आमचा हट्ट नाहीं. एरव्हीं विकणाऱ्याचें हित नव्यांत असतें. आपलें कशांत आहे, हें घरच्यांनींच ठरवावें.