ग्रेनेडाची राजदूत, दीड अंशाचा आग्रह
कॅरिबियन समुद्रातील ग्रेनेडा या बेटराष्ट्राच्या डेसिमा विल्यम्स १९७९च्या क्रांतीनंतर मॉरिस बिशप सरकारच्या राजदूत झाल्या. १९८३मध्ये बिशप यांची हत्या आणि पाठोपाठ अमेरिकेचे आक्रमण झाल्याने ती कारकीर्द खंडित झाली. पुढे अमेरिकेतच समाजशास्त्र शिकवलेल्या विल्यम्स २००९मध्ये संयुक्त राष्ट्रांत ग्रेनेडाच्या स्थायी प्रतिनिधी झाल्या आणि हवामान वाटाघाटींत एकत्र बोलणाऱ्या चिमुकल्या देशांच्या गटाचे, म्हणजे लहान बेटराष्ट्रांच्या आघाडीचे, अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. त्याच वर्षी कोपनहेगन परिषदेत बडी राष्ट्रे दोन अंशांवर अडली असताना तापमानवाढ दीड अंश सेल्सिअसवर रोखण्याची मागणी या आघाडीने लावून धरली, आणि २०१५च्या पॅरिस करारात तिला स्थान मिळाले, हे या चिकाटीचे खरे मोल. २०२२मध्ये विल्यम्स ग्रेनेडाच्या सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या नियुक्त वरिष्ठ सभागृहाच्या, अध्यक्ष झाल्या.