ऋतूंची हजेरी

पावसाळा आला हे जामनेरच्या मुलाला कोणी सांगावे लागत नाही. रोहिणीच्या उन्हात बाप शेतातला काडीकचरा वेचत असतो, कृषी केंद्रापुढे कपाशीच्या बियाण्यासाठी गर्दी असते आणि मृग कोरडा चालला की घरातली बोलणी कमी होतात. हे सगळे पाहून मूल जूनच्या मध्याला शाळेत येते. तिथे त्याच्या हाती कागदाची रंगीत छत्री दिली जाते. ती वहीत चिकटवायची, खाली ‘पावसाळा’ असे लिहायचे, त्याखाली नाव आणि इयत्ता. झाला पावसाळा!

हिवाळ्याची तऱ्हा याहून गमतीची. उपक्रमांच्या तयार पुस्तकांत हिवाळा म्हणजे हिममानव, आणि तो करायचा कापूस चिकटवून! ज्या तालुक्यात दिवाळीच्या आगेमागे शेते पांढरी होतात, जिथे घराघरांत कापसाचे ढीग रचलेले असतात, तिथे कापूस बर्फाचे सोंग घेऊन वर्गात येतो. कापूस म्हणून त्याला प्रवेश नाही.

उपक्रमांना माझा विरोध मुळीच नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत असे सुचवले. २०२४ मध्ये राज्यात ‘आनंददायी शनिवार’ आला. हेतू चांगलेच आहेत. पण ऋतू शनिवार पाहून येत नाहीत. ते रोज थोडे थोडे बदलतात आणि तो बदल टिपणे हेच शिक्षण असते. शाळेने ऋतू साजरे करणे थोडे कमी करावे आणि रोज सकाळी मुलांबरोबर ऋतूचीही हजेरी घ्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

ती घ्यायची कशी? सपाट बुडाची, उभ्या बाजूंची एक काचेची बरणी आणि तिला बाहेरून चिकटवलेली मोजपट्टी पुरे. बरणी मोकळ्या जागी ठेवायची आणि ठरल्या वेळी पाणी किती मिलिमीटर साचले ते लिहून ओतून टाकायचे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हे कळले की शाळेच्या छपरावरून किती पाणी वाहून गेले याचे गणित मुले आपणहून मांडतात. शेजारच्या रकान्यात पंचांगातले नक्षत्र आणि त्याचे वाहन लिहावे. बेडूक, उंदीर, घोडा यांवरून आजोबांनी केलेले भाकीत आणि बरणीतले पाणी तीन-चार वर्षे शेजारीशेजारी राहू द्या. अंधश्रद्धेवर एकही भाषण न देता पडताळा म्हणजे काय, हे त्या वहीतून समजेल.

श्रावण-भाद्रपदात कपाशी फुलते. उमलताना फूल फिकट पिवळसर असते, दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होते. शाळेजवळच्या शेतात, मालकाला विचारून, दहा फुलांच्या देठांना रंगीत दोरे बांधावेत आणि तारीख लिहावी. फुलापासून बोंड फुटेपर्यंत साधारण दीड महिना जातो. दहांपैकी किती टिकली, किती गळाली, डोमकळ्या किती निघाल्या, याची नोंद म्हणजे टक्केवारीचा आणि जीवशास्त्राचा एकत्र धडा आहे. गुलाबी बोंडअळीने २०१७ मध्ये राज्यातल्या कापसाचे केवढे नुकसान केले, ते इथल्या घरांना वेगळे सांगायला नको. त्या अळीचे जीवनचक्र आपल्या मुलांनी फुलपाखराच्या आयत्या चित्रावरून का शिकावे?

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे गुलाबाई बसते. घरोघरची गाणी वेगळी, एकाच गाण्याचे शब्द दोन गल्ल्यांत निराळे. मुलामुलींनी आजीकडून ती उतरवून घ्यावीत. तावडीतला शब्द ‘शुद्ध’ करू नये, आजीने उच्चारला तसाच लिहावा. भाषेच्या तासाला याहून चांगले साहित्य विकत मिळत नाही. थंडीत कपाशीच्या काड्यांवर भरिताची वांगी भाजली जातात, तेव्हा आधी आणि नंतर वजन करावे. बिबड्या घातल्या की ओलीचे आणि वाळलेलीचे वजन करावे. पाणी कुठे गेले, हा प्रश्न आपोआप निघेल. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात जामनेरच्या अक्षांशावर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. ढग असले तर बेत फसेल. निसर्ग आपले वेळापत्रक पाळत नाही हेही मुलांना कळायला हवे.

हे काही परदेशातून आणायचे नाही. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत. दैनिक हा शब्द लक्षात घ्यावा. रोज लिहायचे म्हणजे रोज पाहायचे आले. आज एका फळ्याचा कोपरा आणि हजेरीनंतरची दहा मिनिटे एवढ्यावर हे होऊ शकते.

यात खरा प्रश्न गमतीजमतीचा नाहीच. वेचणी सुरू झाली की मजुरांच्या घरातली मुले वर्गातून दिसेनाशी होतात. कोणी लहान भावंड सांभाळते, कोणी आईच्या मदतीला जाते. हे व्हायला नको, आणि कापसाची माहिती मिळते म्हणून त्याचे कौतुक तर मुळीच करू नये. पण ते मूल आठ-पंधरा दिवसांनी परत येते तेव्हा त्याला ‘मागे पडलेला’ म्हणून कोपरा मिळतो. किलोवर ठरलेल्या मजुरीचा हिशेब त्याला तोंडपाठ असतो, ओला कापूस काट्यावर जास्त का भरतो हे ते सांगू शकते. शाळेच्या वहीत मात्र त्या ज्ञानाला रकाना नाही. ज्या वर्गात ऋतूची नोंद होते, तिथे निदान एका विषयात तरी हे मूल पुढे असते. एका विषयात पुढे असलेले मूल शाळा सहजासहजी सोडत नाही, असा माझा विश्वास आहे.

आक्षेप ठाऊक आहेत. दोनशिक्षकी शाळेत एका गुरुजींपुढे दोन-तीन इयत्ता, त्यात माहिती भरण्याची कामे. पालक विचारणार, याने शिष्यवृत्तीत गुण मिळतात का? गुरुजींची अडचण खरी आहे. म्हणूनच साहेबांनी या नोंदींचा अहवाल मागू नये आणि फोटोही मागू नयेत. फोटो आला की पुन्हा छत्री आली. पालकांना एवढेच सांगावे, की सरासरी, टक्केवारी, क्षेत्रफळ आणि आलेख परीक्षेत येतातच. इथे मूल ते स्वतःच्या आकड्यांवर शिकते, म्हणून विसरत नाही.

येत्या जूनमध्ये शाळेच्या खरेदीच्या यादीतून रंगीत कागदाचा एक गठ्ठा कमी करावा आणि शंभर पानी वही घ्यावी. पहिल्या पानावर तारीख, त्यापुढे पाऊस. शून्य असेल तर शून्य लिहावे. आपल्या भागात त्या शून्याचा अर्थ पहिलीतल्या पोरालाही कळतो.