नाव यादीत कोणी घालायचे?



मतदानाच्या दिवशी वस्तीत याद्या घेऊन टेबलावर बसले की एक प्रसंग हमखास घडतो. एखादी मावशी अर्धी रजा टाकून येते, यादीत नाव सापडत नाही आणि ती मुकाट्याने परत जाते. आपण म्हणतो, तिने फॉर्म भरायला हवा होता.

अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने वेगळा विचार केला. नागरिकाची माहिती सरकारदरबारी असताना त्याने पुन्हा अर्ज का करावा? मार्च २०१५ मध्ये तेथे कायदा झाला व जानेवारी २०१६ पासून अमलात आला. वाहन परवाना काढताना नागरिकत्वाचा पुरावा दिला की माहिती आपोआप निवडणूक कार्यालयाकडे जाते. मग घरी कार्ड येते. नोंदणी नको असेल त्याने तसे कळवायचे. पहिल्याच वर्षी दोन लाखांहून अधिक नावे वाढली. आज वीसहून अधिक राज्यांत ही पद्धत आहे. दोषही दिसला. नागरिकत्वाचा पुरावा नसलेली हजारावर नावे नोंदली गेल्याचे २०२४ मध्ये उघड झाले. म्हणून तपासणी हवीच.

अमेरिकेत निवडणुकीचे बरेच नियम राज्येच करतात. याच अधिकाराने दक्षिणेकडील राज्यांनी साक्षरतेच्या परीक्षा आणि मतदानावर कर लावून कृष्णवर्णीयांना मतपेटीपासून दूर ठेवले होते. ती दारे उघडायला चळवळ आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा लागला.

आपल्याकडे बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. संविधानाच्या कलम ३२६ ने तो सर्वांना दिला. शिक्षण किंवा मालमत्तेची अट ठेवली नाही. मात्र यादीत नाव घालण्याचे ओझे आजही नागरिकावरच आहे. येथे मतदार नोंदणीचा कायदा संसदेचा आणि यादी निवडणूक आयोगाची, त्यामुळे ओरेगॉनसारखी सोय हवी असेल तर खासदारांकडे मागणी लावून धरली पाहिजे.

तोवर आपले काम आपणच करू. अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी आता वर्षातून चार पात्रता दिनांक आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर. नव्या नावासाठी नमुना ६, घर बदलल्यास नमुना ८. रविवारी विहारात वंदना झाली की अर्धा तास बसा, यादी वाचा आणि शेजारच्या मावशीचेही नाव शोधा.

जय भीम!