अर्ध्या टाकीला हेलकावे फार



जडत्व शिकवताना आम्ही शिक्षक पेल्यावर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर नाणे ठेवतो. टिचकीने पुठ्ठा उडतो, नाणे पेल्यात पडते आणि धडा संपतो. माझ्या मते वडूजच्या मुलांना याहून चांगले उदाहरण रस्त्यावरच मिळते. ते म्हणजे दुष्काळी वर्षांत खटाव-माणच्या वाड्यावस्त्यांना पाणी पोहोचवणारा टँकर.

समजा, १०,००० लिटरची टाकी अर्धी भरली आहे. आत ५,००० किलो पाणी आहे. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजेच सेकंदाला १० मीटर वेगाने जाणारा हा टँकर चालकाने ५ सेकंदांत थांबवला. वेग दर सेकंदाला २ मीटरने घटला. हे प्रमाण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे एक-पंचमांश आहे. पाण्याचा पृष्ठभागही त्याच प्रमाणात कलतो. टाकी ४ मीटर लांब असेल, तर पुढच्या टोकाला पाणी मागच्यापेक्षा ८० सेंटिमीटर उंच चढते! प्रत्यक्षात ते उसळून आणखी वर जाते आणि गाडी थांबली तरी पुढेमागे धडका देत राहते. काठोकाठ भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागाच नसते. म्हणून वजनाने हलकी असली तरी अर्धी टाकी अधिक दगा देऊ शकते.

यावरचा उपाय सोपा आहे. टाकीत भोके पाडलेले आडवे पत्रे बसवले, की लाटेचा जोर मोडतो. वळणावर बाजूला कलणारे पाणी मात्र ते फारसे अडवत नाहीत. तेथे वेग कमी करणे हाच मार्ग.

हा प्रश्न केवळ खेडेगावाचा नाही. मार्च २००७ मध्ये अमेरिकेतील ‘फाल्कन-१’ अग्निबाण दुसऱ्या टप्प्याच्या टाकीतील द्रवरूप ऑक्सिजन हिंदकळल्याने भरकटला आणि कक्षेत पोहोचलाच नाही.

टँकर उलटला, की चालकाला बोल लावून आपण मोकळे होतो. टाकीच्या आत काय होते, हे कोणी पाहत नाही. तुम्ही पाहा. अर्धी बादली घेऊन झपाट्याने चाला आणि एकदम थांबा. मग तिच्यात कडुनिंबाचा डहाळा टाकून तेच करा. फरक दिसला, की गावात येणाऱ्या टाकीत, विशेषतः ट्रॅक्टरमागे ओढल्या जाणाऱ्या टाकीत, आडवे पत्रे आहेत का, असे ग्रामपंचायतीत विचारा. जडत्वाची व्याख्या ज्याला पाठ आहे, त्याने एवढा प्रश्न विचारलाच पाहिजे.