आधी गाळाचं बोला

कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात अथाबास्का भागातल्या वाळूत मुरलेलं बहुतांश बिट्युमेन, म्हणजे डांबरासारखं घट्ट तेल, उघड्या खाणीतून काढता येणार नाही इतकं खोल आहे. म्हणून ते पातळ करायला जमिनीत वाफ सोडतात आणि त्या वाफेसाठी नैसर्गिक वायू जाळतात. त्याऐवजी बोअरमधून पाण्याचा जोरदार झोत मारून वाळूच सुटी करावी, तिचा रबडा वर खेचावा, ही कल्पना इंधन वाचवणारी म्हणून मांडली जाते. मुद्दा रास्त आहे. पण वर आलेली वाळू धुवावी लागतेच, आणि मागे उरतो चिकणमातीचा गाळ, जो वर्षानुवर्षं खाली बसत नाही. धुतलेली वाळू पोकळीत परत भरता येईल. या बारीक गाळाचं काय? उघड्या खाणींची गाळतळी आधीच अथाबास्का नदीकाठी साचली आहेत आणि खालच्या अंगाला फोर्ट चिपेवायनमध्ये मूळ रहिवाशांची वस्ती आहे. गाळाची सोय दाखवल्याशिवाय परवानगी मिळता कामा नये.