बंदूकच वाकडी आहे, बॉस!

नवरात्रात कालिका देवीच्या यात्रेला गेलेल्या बहुतेक नाशिककरांनी हे वाक्य एकदा तरी फेकलेलं असतं. दहा छर्रे संपले, फुगे फुटले दोन, सोबतची मंडळी खिदळतायत... मग काय, बंदूक वाकडी! स्टॉलवाला काहीच बोलत नाही. तो तीच बंदूक पुढच्या गिऱ्हाइकाच्या हातात देतो आणि एखादं शाळकरी पोरगं ओळीने सहा फुगे उडवून दाखवतं.

गंमत म्हणजे इथे दोघंही बरोबर असतात. बंदूक खरंच वाकडी असू शकते. पण ती प्रत्येक वेळी तेवढीच वाकडी असते! पोराने पहिल्या दोन छर्ऱ्यांत हिशेब केलेला असतो. छर्रा चार बोटं डावीकडे जातोय ना? मग आपण चार बोटं उजवीकडे धरू.

कॉलेजात एनसीसी केलेल्यांना यात नवीन काही वाटणार नाही. पॉइंट टू-टू रायफल, 25 यार्ड, पाच गोळ्या. अनेक ठिकाणी ती जुन्या ली-एनफिल्डची बारीक नळीची आवृत्ती असायची. एका वेळी एकच गोळी भरा, मारा, पुन्हा भरा. टार्गेट हातात आलं की उस्ताद आधी भोकं कुठे आहेत ते बघायचे नाहीत, ती एकमेकांपासून किती लांब आहेत ते बघायचे. यालाच म्हणतात ग्रुपिंग. गट छोटा पण कोपऱ्यात असेल तर टेन्शन नाही, साइट थोडी सरकवा. गट कागदभर पसरला असेल तर मात्र शोध सुरू करा.

हा फंडा यंदा माझ्या कामी आला तो भाचीमुळे. वय वर्षे 13, इयत्ता आठवी. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांसह ब्रॉंझ मिळवलं. मूळचा कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा हा मुलगा नेमबाजी शिकायला नाशिकमध्ये राहिला होता, हे कळल्यावर आमच्या बाईसाहेबांनी थेट रेंज गाठली. भावोजींनी काही हजारांत एक देशी एअर रायफल आणून दिली. स्प्रिंगवाली, नळी मोडून एकेक छर्रा भरायची.

वर्षभरात स्कोअर काही हलेना. भावोजींनी एक्सेल शीट काढली: इम्पोर्टेड मॅच रायफल, किंमत लाखांत, हप्ते इतके. ताईने शीट बघून विचारलं, ‘‘आणि फ्लॅटचा हप्ता कोण भरणार?’’ पुढचे चार दिवस घरात भांड्यांचा आवाज जरा जास्तच येत होता. पाचव्या दिवशी भाची माझ्या बाइकवर मागे बसून म्हणाली, ‘‘मामा, खरं सांग. बंदूक वाईट आहे की मी?’’

तेराव्या वर्षी पडलेला हा प्रश्न वाऱ्यावर सोडायचा नसतो. रविवारी सकाळी आम्ही दोघं तिच्या सरांच्या परवानगीने रेंजवर गेलो. अंतर 10 मीटर, वाळूची पिशवी, कागद आणि छर्ऱ्यांचा डबा.

पहिल्यांदा तिने रायफल पिशवीवर टेकवली, घट्ट आवळून धरली आणि पाच छर्रे मारले. भोकं कागदभर! दुसऱ्यांदा सर म्हणाले, ‘‘आवळू नकोस. डावा तळवा उघडा ठेव, त्यावर रायफल नुसती झोपू दे.’’ पुन्हा पाच छर्रे. गट अर्ध्यावर आला. बंदूक तीच, मुलगी तीच!

कारण सोपं आहे. स्प्रिंगच्या रायफलमध्ये ट्रिगर दाबला की आतला जड पिस्टन पुढे धावतो आणि रायफलला मागे झटका बसतो. टोकाला पिस्टन दाबलेल्या हवेवर आदळतो आणि झटका पुढे बसतो. या सगळ्या धक्काबुक्कीत छर्रा अजून नळीतच असतो. तुम्ही एकदा घट्ट, एकदा सैल धरलंत की रायफल दर वेळी वेगळी उडी मारते. म्हणून तिला मोकळं सोडायचं, म्हणजे ती दर वेळी सारखीच उडेल. इंग्रजीत याला आर्टिलरी होल्ड म्हणतात, कारण तोफेलाही अशीच मागे सरकायची मोकळीक असते. देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीच्या इतक्या जवळ राहून आपल्याला हे माहीत नाही म्हणजे कमाल आहे.

तरीही पाचातला एखादा छर्रा भरकटत होताच. मग डबा काचेवर रिकामा केला. छर्रा मधे बारीक आणि मागे घागऱ्यासारखा पसरट असतो. तो घागरा शिशाचा आणि पातळ, डब्यात हिंदकळून चेपतो. चेपलेले वेगळे काढले. दस्त्याचे स्क्रू बघितले तर दोन ढिले, कारण त्याच झटक्यांनी ते सुटतात. आणि मग सरांनी विचारलं, ‘‘नळीत तेल कोणी घातलं?’’

भावोजींनी! शिलाई मशीनचं, सढळ हाताने. हवा एकदम दाबली गेली की तापते आणि त्या उष्णतेने तेल पेटतं, डिझेल इंजिनसारखं. मग आवाज कडक येतो, धूर येतो आणि छर्रा भलत्याच वेगाने, भलतीकडे जातो. भावोजी मात्र ‘‘काय सॉलिड आवाज येतोय आता!’’ म्हणून खूश होते.

नळी पुसली, स्क्रू आवळले, छर्रे निवडले. शेवटचा गट एका रुपयाच्या नाण्याखाली झाकला गेला. मग तिने उभं राहून पाच मारले, तो गट आमटीच्या वाटीएवढा.

आता बघा. ही रायफल टेकवल्यावर नाण्याएवढी चूक करते आणि मुलगी उभी राहिली की वाटीएवढी. म्हणजे आज तिला अडवणारी गोष्ट रायफल नाही. पण रायफल निर्दोषही नाही. 10 मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका असतो फक्त अर्ध्या मिलिमीटरचा आणि छर्रा असतो साडेचार मिलिमीटरचा. मॅच रायफल टेकवून मारली तर छर्ऱ्यामागून छर्रा जवळपास एकाच भोकातून जातो. तिचा ट्रिगर शंभरेक ग्रॅमलाही सुटतो. आमच्या देशी रायफलचा ट्रिगर ओढताना नळीच हलते. स्टेट लेव्हलला ही चालणार नाही, हे सरांनी स्पष्ट सांगितलं. भाचीने दोन्ही ऐकलं आणि पहिल्यांदाच जरा हसली. ‘‘म्हणजे दोघीही शिकतोय,’’ म्हणाली.

ज्यांना वीकेंडला हा नाद लागायची शक्यता आहे त्यांच्यासाठी चार शब्द. 2016 च्या आर्म्स रूल्सप्रमाणे 0.177 इंची आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला लायसन्स लागत नाही, म्हणून ती खेळणं होत नाही. गच्चीवरून पक्ष्यांवर नेम धरायचा नाही, वन्यजीव कायदा 1972 पासून आहे. छर्ऱ्याशिवाय रिकामी रायफल झाडू नका, पिस्टन थेट आपटतो. कॉक करून ठेवू नका, स्प्रिंग दमते. आणि छर्रे शिशाचे असतात, तेव्हा रेंजवरून मिसळ खायला जाण्याआधी हात साबणाने धुवा.

घरी आता असा करार झालाय: दर शनिवारी भाची रायफल टेकवून पाच छर्रे मारते आणि तो कागद कपाटाला चिकटवते. त्याच्या शेजारी उभ्याने मारलेल्या पाचांचा कागद. मॅचच्या सरावासाठी क्लबची रायफल. ज्या शनिवारी दोन्ही गट सारखे दिसतील, त्या शनिवारी एक्सेल शीट पुन्हा उघडायची. ताईने त्यावर तारीख टाकून सही केलीय. वाटी सध्या लिंबाएवढी झालीय आणि भावोजींनी हप्त्यांची चौकशी गुपचूप सुरू केलीय.