एक डॉक्टर, तीन म्युलर

पुण्यात जोशी-कुलकर्ण्यांचं जे, तेच जर्मनीत म्युलरचं. गल्लोगल्ली! देशातलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव. लिहायच्या तऱ्हा मात्र तीन. 'यू'वर दोन टिंबं देऊन, टिंबांऐवजी पुढे 'ई' लावून, किंवा घाईत टिंबं खाऊन.

माझं पोट सध्या औषध कंपन्यांच्या विक्रीच्या सॉफ्टवेअरवर चालतं. आपल्याकडचा एमआर तो इथला फार्मारेफेरेंट. डॉक्टरांना भेटायचं आणि बाहेर येऊन गाडीत बसून भेटीची नोंद करायची. परवा एका गिऱ्हाईक कंपनीत (नाव नको) अशाच एका बाईंनी मला लॅपटॉप दाखवला. एकच डॉक्टर, एकच दवाखाना, आणि यादीत माणसं तीन! तिन्ही तऱ्हांनी शोधल्याशिवाय जुन्या भेटी सापडत नाहीत. मॅनेजरसाहेबांचं उत्तर तयार होतं, "लोक नीट टाइप करत नाहीत."

साफ चूक. दोष टाइप करणाऱ्याचा नाही, तिसरा म्युलर मुकाट्याने आत घेणाऱ्या सॉफ्टवेअरचा आहे. म्हणजे आमचा.

"एवढं काय त्यात, थोडं जास्त शोधायचं," असं म्हणाल तर ऐका. इथल्या औषध कायद्याप्रमाणे डॉक्टरला औषधाचं सँपल द्यायचं तर त्याने तशी मागणी नोंदवावी लागते, पाकीट सगळ्यात लहान आकाराचं लागतं, आणि एका औषधाची वर्षाला दोनच सँपल देता येतात. आता तीन म्युलर म्हणजे सहा सँपल. प्रत्येक नोंदीत हिशोब चोख आणि कायदा मोडलेला! कुणी खोटं बोललेलं नाही, कुणाला पत्ताही नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. डॉक्टरने एखाद्या औषधाचा दुष्परिणाम सांगितला, तर प्रतिनिधीने तो लेखी नोंदवून कंपनीला कळवायचा, हेही त्याच कायद्यात आहे. हा कायदा 1976 चा, लागू झाला 1978 पासून. त्यामागे कॉन्टरगानची आठवण आहे. 1957 साली बाजारात आलेलं हे झोपेचं औषध नोव्हेंबर 1961 मध्ये मागे घेतलं गेलं. तोवर हजारो मुलं अपंग जन्माला आली होती. मज्जातंतूंच्या तक्रारी डॉक्टरांकडून कंपनीपर्यंत आधीच पोचल्या होत्या. तिथे घोडं नोंदी सापडण्यावर अडलं नव्हतं, मान्य. पण डॉक्टरचं बोलणं वाया जाऊ नये हा धडा तिथलाच. आणि आम्ही काय केलं? 'इतर टिपणं' नावाची एक चौकट दिली. त्यात "पुढच्या भेटीला कॅलेंडर न्यावं" आणि "दोन पेशंटना चक्कर आली" शेजारी शेजारी नांदतात. तेही तीनपैकी एका म्युलरच्या नावावर.

मग हे इतकी वर्षं चालतं कसं? कारण विकत घेणारा मॅनेजर असतो आणि त्याला हवा असतो आकडा. आज किती भेटी, किती डॉक्टर 'कव्हर'. तीन म्युलर म्हणजे तीन डॉक्टर कव्हर झाले की राव! गोंधळाने आलेख उंचच होतो, तो कशाला कोण निस्तरेल?

बरं, उपाय काही नवा नाही. हान्स योआखिम पोस्टेल यांनी 1969 मध्ये जर्मन नावांसाठी उच्चारावरून आकडा काढायची रीत मांडली. तिला कोलोन पद्धत म्हणतात. तिच्यात म्युलरच्या तिन्ही तऱ्हांचा आकडा एकच येतो, 657. अर्थात मिलर आणि म्योलरचाही तोच येतो. म्हणून यंत्राने फक्त विचारायचं, "हा तोच का?" उत्तर माणसाने पत्ता बघून द्यायचं. एवढा एक प्रश्न नवी नोंद होण्याआधी विचारायला काय जातं?

आता नवीन टूम, "एआय लावा, तो शोधेल." शोधेल की! पण तीनपैकी एकाच म्युलरची सँपल मोजून "दोनच दिली" असं छातीठोकपणे सांगेल.

शिवाय 25 मे 2018 पासून युरोपचा माहिती-संरक्षण कायदा लागू आहे. उद्या डॉक्टरने विचारलं, "माझ्याबद्दल काय काय लिहून ठेवलंय?" तर सगळं द्यावं लागतं. एकाच म्युलरचं दिलं, तर उत्तर अर्धवट.

ही सॉफ्टवेअरं लिहिणाऱ्यांत आपली मराठी मंडळी कमी नाहीत. तिकिटात लिहिलंय तेवढं करून मोकळं होणं मीही केलंय. त्या बाईंचा लॅपटॉप पाहिल्यापासून एक ठरवलंय. दुष्परिणामांना वेगळा रकाना आणि नव्या नोंदीआधी तो एक प्रश्न, हे झाल्याशिवाय माझ्या हातून "काम पूर्ण" लिहिलं जाणार नाही. मॅनेजरचा आलेख थोडा खाली आला तर येऊ दे.